आठ माणसांचा तंबू, नऊ माणसं आणि चिखलदऱ्याचं वावधन

निघायच्या आधीचा रविवार, नागपूर

नागपुरात टेंट म्हटलं की समोरचा पहिले विचारतो, कोणाचं लग्न आहे? टेंट म्हणजे बिछायत केंद्र, गाद्या, गंज (मोठी पातेली), खुर्च्या, लाल कनाती. म्हणून मी घरी सांगितलं की फॅमिलीसाठी मोठा टेंट घेऊन राहिलो तर आई म्हणाली, "कायले? मामाकडे गोदाम भरलं आहे नं." माझे मामा नागपूरच्या महाल भागात तीस वर्षांपासून बिछायतीचा धंदा करतात, तर आईचं काही चुकलं नव्हतं, पण मामाचा मंडप गाडीच्या डिक्कीत बसत नाही.

मोठा तंबू घ्यायचं कारण म्हणजे मागचा फेब्रुवारी. रामटेकजवळ खिंडसी तलावाकडे एका ओळखीच्याच्या वावरात आम्ही एक रात्र काढली होती, चार माणसांचा स्वस्तातला तंबू, आणि रात्री अवकाळी आला. त्या तंबूचं वरचं कापड म्हणजे डोक्यावर टोपी घालावी तसं, फक्त वरच्या जाळीपुरतं, बाजूच्या भिंती उघड्याच, अर्ध्या तासात शिवणीतून पाणी आत. लहानी पोरगी रात्रभर माझ्या पोटावर झोपली आणि बायको सकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतर मी दोन महिने तंबूच पाहून राहिलो होतो. आठ माणसांचा, दहा माणसांचा हे जे लिहिलेलं असते नं त्यावर जाऊ नका, ते म्हणजे आठ माणसं फळीवरच्या फायलीसारखी एकमेकाला चिकटून, माणशी कसेबसे दोन फूट, आणि बॅगा कुठे ठेवायच्या ते विचारायचं नाही. आम्ही घरचे पाच, मी, बायको, आई, मोठा पोरगा आणि लहानी, म्हणून आठवाला घ्यायचं ठरवलं. मग कापडाचा आकडा येतो, मिलिमीटरमध्ये. कापडावर उभी नळी ठेवून पाणी भरत जायचं, किती उंचीला गेल्यावर खालून थेंब फुटतो तो आकडा. १५०० मिमी म्हणजे दीड मीटर पाण्याचा दाब झेलते, छतासाठी तिथून पुढे चालते. तळाला मात्र जास्त पाहिजे कारण तिथे माणसाचे गुडघे आणि कोपर दाबतात, ओल्या जमिनीवर गुडघा टेकवला की पाणी वर येतेच. माझ्यावाल्याला वर ३००० होतं, खाली ५०००. आणि वरचं कापड जमिनीपर्यंत पाहिजे, टोपी नको, हे खिंडसीनं शिकवलं.

खरं भांडण उंचीवरून झालं. माझ्या साडभाऊंनी आमच्याआधीच एक घेऊन ठेवला होता, दहा माणसांचा, अगदी घरासारखा, उभ्या भिंती, साडेसहा फूट उंच, लोखंडी पाय, दार असं की वाकायचं काम नाही, मधे पडदा टाकला की दोन खोल्या. बायको म्हणाली तसाच घ्या. आईचे गुडघे गेलेले आहेत, तिला रांगत आत जाता येत नाही, तिचंही मत तेच. मी घेतला गोल घुमटासारखा, तीन काठ्या वरून एकमेकीला कापत जातात असा, मधोमध सहा फूट पण दाराशी वाकावं लागते. काठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, फायबरच्या नाही, फायबरची तुटली की चिरफाळते आणि हातात कुसळं घुसतात वरून. घरात दोन दिवस मला ऐकवलं की स्वतः पाच फूट चार आहे म्हणून बाकीच्यांनी वाकायचं का.

तर रविवारी कॉलनीच्या मैदानात ट्रायल ठेवली. निघायच्या आधी एकदा घरी उभा करून पाहायचाच, सामान पूर्ण आलं की नाही तेही कळते, माझ्या पिशवीत दोन दोऱ्या कमी निघाल्या. तो उभा होईस्तोवर कॉलनीचे सगळे पोट्टे जमा, आत-बाहेर आत-बाहेर. मामाला मुद्दाम बोलावलं होतं. मामांनी तंबूकडे पाहिलंच नाही, सरळ खाली बसले आणि एक खुटी दोन बोटांनी उपटून काढली. तंबूबरोबर येणाऱ्या त्या खुट्या म्हणजे स्वेटर विणायच्या सुईएवढ्या. "बाबू, कापड उडत नसते," मामा म्हणाले, "खुटी उपटते, मग कापड उडते." मग त्यांनी मला अर्धा तास दोर बांधायला शिकवला. खुटी तंबूपासून बाहेर झुकती ठोकायची, दोर जमिनीशी अर्धा काटकोन, त्याहून उभा ठेवला तर वारा खुटी वर ओढून काढते, आणि गाठ अशी की सरकवून ताण देता आला पाहिजे, कारण कापड ओलं झालं की ढिलं पडते, नायलॉन असलं तर जास्तच. माझं पॉलिस्टर आहे, तरी रात्री एकदा उठून ताण पाहायचा म्हणाले. मांडवात वावधन, म्हणजे वादळी वारा, आलं की पहिले कनाती सोडतात, वारा आरपार जाऊ द्यायचा, असंही ते म्हणाले, पण ते मांडवाचं आहे, या तंबूत उलटं, वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली तर आत हवा भरून फुग्यासारखा वर उठतो.

दुसऱ्या दिवशी इतवारीत लोहा ओळीत जाऊन दहा एमएमच्या सळईचे फूटभर लांब चोवीस तुकडे कापून घेतले, एका टोकाला वाकवून आकडा करून. वजन झालं, पण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाचा खर्च तोच. कॉलनीच्या पाइपानं तंबूवर पंधरा मिनिटं पाणीपण मारलं, एका कोपऱ्यात शिवणीतून झिरपलं, तिथे आतून शिवणीवर लावायचं ते सीलर लावून दोन दिवस वाळू दिलं.

पहिला दिवस, शुक्रवार

जूनचा दुसरा आठवडा. पुण्या-मुंबईकडच्या शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, आमच्या विदर्भात गर्मीमुळे जूनच्या शेवटी, म्हणून तेवढे दहा-बारा दिवस आमचे. गुरुवारी नागपूर ४३ होतं. हवामान खात्याचा अमरावती जिल्ह्याला यलो अलर्ट होता, मेघगर्जना आणि ताशी ४० ते ५० किलोमीटरचे वारे. बायको म्हणाली कॅन्सल करू, मी म्हटलं यलो आहे, ऑरेंज नाही. हे वाक्य पुढे तीन दिवस मला परत ऐकवण्यात आलं.

पहाटे पाचला दोन गाड्या निघाल्या. आम्ही पाच, साडभाऊ, साळी आणि त्यांचे दोन पोट्टे. कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरीला गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या समाधीचं दर्शन, आईची तेवढीच अट होती. अमरावतीला नाश्ता, मग वलगाववरून परतवाडा, बर्फ आणि वांगी घेतली, गोवऱ्या घेतल्या (दुकानदारानं दोनदा विचारलं, साहेब कशाला पाहिजे), धामणगाव गढीच्या पुढे घाट लागला आणि एसी बंद केला. चिखलदरा १११८ मीटरवर आहे, नागपूर तीनशेच्या आसपास, तर नुसत्या उंचीनंच पाच डिग्री कमी होतात, बाकी वारा आणि झाडं. लहानी खिडकीतून हात बाहेर काढून "इथे फ्रिज चालू आहे" म्हणून राहिली होती.

तंबू कुठे टाकायचा हे आधीच ठरवलं होतं. तो सगळा भाग मेळघाटच्या जंगलाला लागून, जंगलात मनात आलं तिथे तंबू ठोकता येत नाही आणि ठोकूही नये, अस्वलं आहेत, बिबट आहे. साडभाऊंच्या ओळखीच्या एका गवळीकाकांचं गावाला लागून पडीक वावर होतं, कडेला गोठा, विहीर, आणि मुख्य म्हणजे गाडी आतपर्यंत जात होती. गाडीची सोबत असली नं की निम्मी भीती कमी होते, आणि ते पुढे फारच खरं निघालं.

मला जागा आवडली ती एका मोठ्या सागाखाली, मस्त सावली. काका काठी टेकत आले, वर पाहिलं, "तिथं नका मांडू, ते फांदी वायलेली हाये, वारं आलं का पहिले तेच येते खाली." मग आम्ही मोकळ्यात आलो. दुसरी जागा सपाट होती पण किंचित बशीसारखी, पाणी तिथेच जमा झालं असतं, तीपण सोडली. शेवटी थोडा उतार असलेली, पश्चिमेला गोठ्याची भिंत असलेली जागा पकडली. साडभाऊ वीज खात्यात आहेत, त्यांनी हवेचा अंदाज घेतला, दिवसभर वारा पश्चिमेकडून येऊन राहिला म्हणून आपल्या घराची अरुंद बाजू पश्चिमेला केली. बरोबरच केलं त्यांनी, वाऱ्याला तोंड कमी द्यायचं हे कोणालाही समजते.

जमीन म्हणजे वर चार बोटं मुरूम आणि खाली काळा पाषाण. साडभाऊंच्या बारीक खुट्या अर्ध्यातच वाकल्या. माझ्या सळया हातोड्यानं सहा इंच गेल्या आणि थांबल्या, मग जिथे जात नव्हत्या तिथे दोर एका मोठ्या दगडाला गुंडाळून त्याच्यावर दुसरा दगड. त्यांना मी सहा सळया दिल्या, त्यांनी चार कोपऱ्यांना लावल्या आणि बाजूच्या दोऱ्या तशाच गुंडाळलेल्या ठेवल्या. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही आयुष्यभर खांबांना ताण देता, स्वतःच्या टेंटला काऊन नाही? तर म्हणाले, "अबे, तो खांब हजार किलोचा असतो, हे कापड आहे." सगळे हसले, मीपण.

आणि एक सांगतो, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत त्यांचाच टेंट जिंकला होता. आई सरळ चालत आत गेली, खुर्ची टाकून बसली, बायको आणि साळी उभ्यानं साडी बदलून आल्या, पोट्टे पडद्याच्या अलीकडे पलीकडे धावून राहिले होते. आमच्या घुमटात आईला जाताना मी एका बाजूनं आणि मोठ्या पोरानं दुसऱ्या बाजूनं धरलं, ती वाकली, मधेच थांबली, "म्हातारीला बिळात घालून राहिले" म्हणाली. आत गेल्यावर मात्र उभी राहू शकत होती. तिच्यासाठी घडीचा पलंग ठेवला होता, जमिनीवरून उठणं तिला होत नाही. रात्री काही झालं नाही. गार वारा, तारे, दूर कुठेतरी मोर ओरडत होता.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी पाॅइंट. देवी पाॅइंट, भीमकुंड (पाऊस नव्हता म्हणजे धबधब्याच्या जागी ओली भिंत), पंचबोल पाॅइंटवर पोट्ट्यांनी एकमेकांची नावं ओरडून ओरडून घसा बसवला. गाविलगडावर आई गाडीत बसून राहिली, बाकीचे गेले. हा किल्ला आपल्या नागपूरकर भोसल्यांकडे होता, १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं घेतला, तिथल्या तोफेवर बसून साडभाऊंनी फोटो काढला. मग हरिकेन पाॅइंटला गेलो. नावच असं की बायकोनं माझ्याकडे पाहिलं. दरीतून वारा असा वर येऊन राहिला होता की लहानीची टोपी गेली ती गेलीच.

दुपारी गर्मी वाढली, म्हणजे चिखलदऱ्याच्या मानानं. वारा पडला. चारच्या सुमारास उत्तरेकडे ढग फुलकोबीसारखे उभे वाढत गेले, वरचं टोक पांढरं, खालचं काळं निळं. काका म्हणाले येईल आज. आम्ही रोडग्यांच्या नादात.

रोडगे मी सांगतोच कारण त्याशिवाय हे वर्णन अर्धं. कणकेत रवा, ओवा, तेलाचं मोहन, गोळा लाटायचा, त्यावर तेल, पुन्हा दुसरा थर, पुन्हा थर, पोटलीसारखा बांधायचा, गोवऱ्यांचा जाळ बसला, लाल आर (निखारे) राहिला की त्यात ठेवून वरून राख ओढायची. साडभाऊ यात उस्ताद. वांगी तिथेच भाजून मोठ्या गंजात भाजी, तर्री वरती येईपर्यंत. साडेसातला पहिले चार रोडगे निघाले, साळीनं राख झटकून फडक्यात बांधून आपटले, फुटले की आतले थर दिसतात, त्यावर तूप. आई म्हणाली असे रोडगे तिच्या माहेरी यात्रेत व्हायचे. मोठ्यानं दोन खाल्ले. बाकीचे आठ आरात होते.

आठ वाजून पाच-दहा मिनिटं झाली असतील, गाविलगडाच्या बाजूला चमकलं. मी मोजायला सुरुवात केली, हे मला नेहमीच आवडते, चमकलं की मोजायचं, आवाज आला की थांबायचं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. पहिल्यांदा चाळीस. मोबाइलवर दामिनी ॲप उघडलं, पुण्याच्या आयआयटीएमनं विजेसाठी केलेलं आहे, पण रेंज एक कांडी, नकाशा फिरतच राहिला. दुसऱ्यांदा तीस. तीसच्या खाली आलं म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, तिथून पुढे उघड्यावर थांबायचं नाही, आणि तंबू म्हणजे उघडंच समजायचं, कापड आणि काठ्या विजेपासून काही वाचवत नाहीत. तिसऱ्यांदा बावीस. मी म्हटलं सगळे गाडीत. साडभाऊ म्हणाले रोडगे काढून घेऊ. साळी म्हणाली, "तुमचे रोडगे गेले चुलीत, पोट्ट्यांना घ्या पहिले." (चुलीतच होते ते.)

आईला दोघांनी धरून गाडीत बसवलं. चारी दारं बंद, काचा बंद. गाडीचा पत्रा विजेला बाहेरून बाहेरूनच जमिनीत नेतो, आत बसलेल्याला लागत नाही, फक्त दाराच्या लोखंडाला हात लावून बसायचं नाही. लहानीनं दोन्ही हात काखेत घातले.

आणि मग पाऊस नाही, पहिले वारा आला. एकदम गार, मातीचा वास घेऊन, जसं कोणी मोठ्या कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं. आणि आला उत्तरेकडून. दिवसभर पश्चिमेकडून होता नं, तो सगळा हिशोब चुकला. वावधनाचं असंच असते, ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर सगळीकडे पसरते, ती दिवसभराच्या वाऱ्याला विचारून येत नाही. साडभाऊंच्या घराची सगळ्यात रुंद, सगळ्यात उंच, सपाट भिंत नेमकी उत्तरेला. गोठ्याची भिंत पश्चिमेला, तिचा काही उपयोग नाही.

गाडीच्या हेडलाइटमध्ये आम्ही सिनेमासारखं पाहून राहिलो होतो. पहिल्या झोतात ती भिंत आत गेली, पोटात बुक्की बसल्यासारखी, आणि परत आली. साडभाऊ त्यांच्या गाडीतून काहीतरी ओरडून राहिले होते, काच बंद, फक्त तोंड हलताना दिसायचं. दुसऱ्या झोतात कोपऱ्यातल्या माझ्या सळया धरून राहिल्या पण मधे बाजूला दोऱ्या नव्हत्याच, तिथून लोखंडी पाय वाकला, वरचा प्लास्टिकचा कोपरा, जिथे तीन नळ्या एकत्र येतात, तो फुटला, आणि सगळं घर शांतपणे एका कुशीवर झोपलं. वरचं कापड एका टोकानं सुटून झेंड्यासारखं फडफडून राहिलं होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे शाळेत कुठेतरी शिकलो होतो, त्या रात्री डोळ्यानं पाहिलं. आमचा घुमट दर झोताला बसका व्हायचा, म्हणजे अक्षरशः नमस्कार घातल्यासारखा अर्धा खाली जायचा आणि उठायचा, खाली जायचा आणि उठायचा. मी एकेका दोरीचं नाव घेऊन राहिलो होतो. बायको म्हणाली मामांना फोन लावा, थँक्यू म्हणा. रेंज नव्हती.

मग पाऊस, चाळीसेक मिनिटं, काचेबाहेर काही दिसत नव्हतं. विजेचा आवाज मोजण्याच्या आत यायला लागला, एकदा तर चमक आणि आवाज सोबतच. आई रामरक्षा म्हणत होती, मोठा तिच्यासोबत म्हणून राहिला होता, एरवी सांगितलं तर तोंड वाकडं करतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आम्ही घड्याळ लावून तसेच बसलो. साडभाऊंना दहा मिनिटांतच उतरायचं होतं, साळीनं उतरू दिलं नाही.

साडेदहाला उतरलो, टॉर्च घेऊन. आमचा तंबू उभा. मी छाती फुगवून चेन उघडली, आत पाय ठेवला आणि मोजा ओला. गादीचं डोक्याकडचं टोक भिजून लोद झालेलं. वरून एक थेंब नाही, शिवण कोरडी, मग पाणी आलं कुठून? बायको टॉर्च घेऊन बाहेरून फिरली आणि तिला सापडलं. मी खाली निळी ताडपत्री टाकली होती, तंबूपेक्षा मोठी, वरच्या उताराच्या बाजूला हातभर बाहेर आलेली. छतावरचं पाणी ओघळून त्या ताडपत्रीवर, ताडपत्रीवरून सरळ तंबूच्या खाली, आणि तळाला जिथे गादीचा दाब होता तिथून वर. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान पाहिजे, नाहीतर आत दुमडून घ्यायची. शुक्रवारी तिनं म्हटलंही होतं, हे बाहेर कशाला ठेवलं, आणि मी म्हटलं होतं, चिखल नको लागायला. ती काही बोलली नाही, खिंडसीसारखीच.

साडभाऊ चहा पाहिजे म्हणून गॅसची शेगडी तंबूत आणून राहिले होते. ते मात्र मी होऊ दिलं नाही, बंद तंबूत शेगडी पेटवायची नाही, कापड पेटते ते वेगळं आणि धुराचा तो विषारी वायू कळतही नाही. काकांच्या गोठ्यात जाऊन चहा केला. काकांनी विचारलं, "पडलं का तुमचं घर?" साडभाऊ म्हणाले, झोपलं.

झोपायला नऊ जण आणि एकच तंबू. साडभाऊ आणि मोठा गाडीत, बाकी सात जण आठ माणसांच्या तंबूत, त्यात आईचा पलंग आणि एक कोपरा ओला. आता मला विचारा आठ माणसं म्हणजे किती. रात्रभर कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी तोंडात.

तिसरा दिवस, रविवार

पहाटे आईनं उठवलं, "गळून राहिलं रे." खरंच, छताच्या आतून थेंब पडत होते. माझं तर अवसानच गेलं, पण बाहेर आकाश स्वच्छ. बोट फिरवलं तर सगळं कापड आतून ओलं. तो पाऊस नव्हता, तो आमचाच श्वास. गर्दी, ओल्या गाद्या, बाहेर गारवा आणि मी भीतीनं वरच्या दोन्ही हवेच्या खिडक्या बंद करून ठेवल्या होत्या. त्या पावसातही उघड्याच ठेवायच्या असतात, त्यांच्यावर टोपी असते तेवढ्यासाठीच. दोन्ही उघडल्या, अर्ध्या तासात कोरडं.

उजेडात साडभाऊंचं नुकसान पाहिलं. दोन नळ्या वाकलेल्या, एक कोपरा फुटलेला, वरचं कापड शिवणीतून हातभर फाटलेलं. कापड बाकी चांगलं होतं. त्यांनी बाजूच्या न वापरलेल्या दोऱ्या उचलल्या, अजून कंपनीच्या रबरात गुंडाळलेल्या, आणि बराच वेळ हातात धरून उभे राहिले. बारा दोऱ्या होत्या. मला काही बोलायचं नव्हतं, पण मोठा बोललाच, "काका, तो खांब हजार किलोचा असतो नं?" त्याला एक टपली बसली, मग तेच हसले.

त्या सागाखाली वायलेली फांदी पडली होती. माझ्या मांडीएवढी जाड. शुक्रवारी मी जिथे सतरंजी टाकली होती तिथेच. यावर जास्त काही लिहीत नाही.

रोडग्यांचा खड्डा चिखलानं भरला होता. पोट्ट्यांनी काठीनं उकरून तीन काढले, वरचा थर सोलला तर आतला गोळा कोरडा आणि गरम नाही पण कोमट. काकांच्या कुत्र्यानं एक घेतला, बाकी दोन आम्ही दह्यासोबत खाल्ले. काकांना पैसे द्यायला लागलो तर घेईनात, शेवटी उरलेली वांगी, तूप आणि माझ्या दोन सळया घेतल्या, बकरी बांधायला.

परतीला घाटात धुकं, परतवाड्याला गर्मी, मोझरीला पुन्हा पाऊस, नागपुरात शिरलो तर रस्ते कोरडे आणि कूलरवाल्यांच्या दुकानात तीच गर्दी.

सोमवार, गच्ची

ओला तंबू पिशवीत ठेवला तर दोन दिवसांत बुरशी येते आणि कापडाच्या आतला पाणी अडवणारा थर सुटायला लागतो, म्हणून सकाळी सहालाच गच्चीवर दोन्ही तंबू पसरले, उन्हं चढायच्या आत काढायचे होते. जूनचं नागपूरचं ऊन कापडाला पावसापेक्षा वाईट. मामा आले. साडभाऊंच्या तंबूचं फाटलेलं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, मागं पुढं केलं, "माल चांगला आहे, घडवण्यात चुकलं नाही, बांधण्यात चुकलं" म्हणाले, आणि तो कोपरा लोखंडाचा वेल्ड करून देतो म्हणून सगळ्या नळ्या घेऊन गेले. जाताना माझ्या घुमटाला एक थाप मारली. तेवढंच.

दुपारी साडभाऊंचा फोन, तुझ्यावाल्याची लिंक पाठव. पाठवली. मग मी आईला म्हटलं, पाहिलं नं, आपलाच बरा निघाला, बुटका असला तरी उभा राहिला. आई गच्चीवर खुर्ची टाकून बसली होती, माझ्या तंबूच्या दाराकडे पाहत, तिथे वाकून जाताना चेनला अडकलेला तिच्या साडीचा धागा अजून लटकून राहिला होता.

"उभा तंबू राहिला," ती म्हणाली, "मी तर वाकलेलीच होती. मामाला विचार, तुझ्या साडभाऊच्या तंबूचं दार आपल्यावाल्याला बसवता येते का."

मामाला विचारलं. मामा टेप घेऊन येऊन राहिले रविवारी.